डॉ. माशेलकर : प्रयोगशाळेतून व्यासपीठावर

'भविष्यवेत्ता' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अजूनही पंचांग आणि पोपटवाला ज्योतिषी उभा राहतो. उद्योगजगतात मात्र हा शब्द गेल्या अर्धशतकात निराळ्याच अर्थाने रुळला. अमेरिकेत ॲल्विन टॉफ्लर यांचे 'फ्यूचर शॉक' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर येत्या दहा-वीस वर्षांत तंत्रज्ञान कोणते वळण घेईल, कोणते धंदे बुडतील आणि कोणते उभे राहतील, हे कंपन्यांच्या संचालक मंडळांना सांगणाऱ्या वक्त्यांचा एक वर्गच तयार झाला. त्यांतील बरेचसे सल्लागार, काही पत्रकार. त्यांनी वर्तवलेले पुढे खरे ठरले काय, हे तपासण्यासाठी सहसा कोणी थांबत नाही.

महाराष्ट्रात या व्यवसायाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून देशाच्या उद्याविषयी बोलणारा विद्वान वक्ता हा मराठी सार्वजनिक जीवनाचा एक नेहमीचा भाग आहे. या परंपरेतून आलेले आणि त्याच वेळी मोठ्या उद्योगांच्या संचालक मंडळांतही ऐकले गेलेले नाव म्हणजे डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर. ते स्वतःला भविष्यवेत्ता म्हणवून घेत नाहीत, ते मूळचे रसायन अभियंते. तरीही तंत्रज्ञानाचे भविष्य आणि उद्योगांची व्यूहरचना या दोन विषयांवर देशविदेशांत इतक्या सातत्याने बोललेला दुसरा मराठी माणूस सहजी दाखवता येणार नाही. शिवाय त्यांची भाकिते ताडून पाहता येतात. यामुळेच त्यांच्या कारकिर्दीचा आढावा उपयुक्त ठरतो.

एकवीस रुपये आणि साठ रुपये

माशेलकरांचा जन्म १ जानेवारी १९४३ रोजी गोव्यातील माशेल या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले आणि आई अंजनीताई मुलाला घेऊन मुंबईस आल्या. गिरगावातील चाळीत दिवस काढताना बाराव्या वर्षापर्यंत पायात चप्पल नव्हती आणि अभ्यास रस्त्यावरील दिव्याखाली होत असे, हे त्यांनी आपल्या अनेक भाषणांत सांगितले आहे. प्राथमिक शाळा संपल्यावर पुढील प्रवेशासाठी लागणारे एकवीस रुपये वेळेत जमले नाहीत. तोवर चांगल्या शाळांतील प्रवेश बंद झाले आणि मुलाला युनियन हायस्कूलमध्ये घालावे लागले.

ही अडचण पुढे पथ्यावर पडली. या शाळेतील भावे सरांनी एकदा मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला आणि विखुरलेली शक्ती एका बिंदूवर आणली की काय घडते ते समजावले. शास्त्रज्ञ होण्याचा विचार तेथे रुजला, असे माशेलकर सांगत आले आहेत. १९६० च्या शालान्त परीक्षेत ते राज्यात अकरावे आले. एवढे होऊनही शिक्षण सोडून नोकरी धरण्याची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टची दरमहा साठ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि महाविद्यालयाचा मार्ग मोकळा झाला. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून ते १९६६ मध्ये रसायन अभियंता झाले. तेथेच प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली १९६९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात संशोधन आणि अध्यापन झाले. १९७६ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या 'एनसीएल'मध्ये रुजू झाले.

त्यांचा विषय बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरचा. पाण्याप्रमाणे साध्या नियमाने न वाहणारे चिकट द्रव नळ्यांतून आणि भट्ट्यांतून कसे वाहतात, याचे गणित ते मांडत. विषय रुक्ष वाटला तरी प्लास्टिकचा कोणताही कारखाना या गणितावाचून चालत नाही.

राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय?

१९८९ मध्ये माशेलकर एनसीएलचे संचालक झाले. वक्ता म्हणून त्यांचा खरा आरंभ येथून धरावयास हवा. पदभार घेताच सहकाऱ्यांपुढे त्यांनी प्रयोगशाळेच्या नावातील 'राष्ट्रीय' शब्दाच्या जागी 'आंतरराष्ट्रीय' शब्द कल्पून दाखवला. तोवर सरकारी प्रयोगशाळांचे काम परदेशी तंत्र पाहून त्याची देशी आवृत्ती काढणे असेच मानले जाई. बंद बाजारपेठेत ते खपूनही जाई. बाजारपेठ खुली झाल्यावर मूळ तंत्रच दारात येणार आणि मग आवृत्ती कोण विकत घेणार, हा त्यांचा प्रश्न होता. आर्थिक उदारीकरण १९९१ मध्ये आले, म्हणजे हा प्रश्न त्याच्या दोन वर्षे आधीचा. भविष्याविषयीचे त्यांचे सर्वांत अचूक अनुमान कदाचित हेच ठरावे.

अनुमानामागोमाग कृती झाली. पॉलिकार्बोनेट या टणक, पारदर्शक प्लास्टिकच्या उत्पादनात अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक कंपनी अग्रेसर होती. एनसीएलच्या शास्त्रज्ञांनी या प्लास्टिकच्या निर्मितीतील एका प्रक्रियेवर अमेरिकी पेटंटे मिळवली आणि त्यांचे हक्क जनरल इलेक्ट्रिकनेच घेतले. तंत्रज्ञान पश्चिमेकडून पूर्वेकडे येते, हा प्रवाह येथे उलटा वाहिला. याच कंपनीने २००० मध्ये बंगळूर येथे आपले मोठे संशोधन केंद्र उघडले. या व्यवहाराची गोष्ट माशेलकरांच्या भाषणांतील हुकमी गोष्ट आहे आणि ती रंगवून सांगण्याची कला त्यांच्यापाशी आहे.

१ जुलै १९९५ रोजी ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक झाले. देशभर पसरलेल्या सुमारे चाळीस प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. पुढील जानेवारीत त्यांनी 'सीएसआयआर २००१' हे धोरणपत्र प्रसिद्ध केले. ठरावीक मुदतीत किती पेटंटे घ्यावयाची, उद्योगांकडून किती उत्पन्न मिळवावयाचे, हे त्यात आकड्यांनी लिहिलेले होते. सरकारी खात्याने स्वतःला असे बांधून घेणे तेव्हा नवलाचे होते. 'प्रकाशित करा अन्यथा नष्ट व्हा' या विद्यापीठीय म्हणीच्या जागी 'पेटंट घ्या, प्रकाशित करा आणि समृद्ध व्हा' ही घोषणा त्यांनी रूढ केली. सरस्वती आणि लक्ष्मी एकत्र नांदल्या पाहिजेत, हे वाक्यही त्याच काळातील. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत दरसाल जेमतेम काही पेटंटे मिळवणारी ही संस्था नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत शंभरीच्या पुढे गेली. डॉ. जयंत नारळीकर यांनी 'द सायंटिफिक एज' या पुस्तकात (२००३) विसाव्या शतकातील भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या प्रमुख कामगिऱ्यांत सीएसआयआरच्या या कायापालटाचा समावेश केला.

मात्र पेटंटांची संख्या आणि पेटंटांतून आलेला पैसा यांत अंतर राहिले. घेतलेल्या पेटंटांपैकी बाजारात उपयोगी पडणारी थोडीच असतात आणि ती जिवंत ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे शुल्क भरावे लागते. परिषदेवर ही टीका पुढील काळात वारंवार झाली व ती निराधार नव्हती.

हळदीची लढाई

सर्वसामान्य वाचकाला माशेलकर ठाऊक झाले ते हळदीमुळे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले होते. सीएसआयआरने १९९६ मध्ये त्याच्या फेरतपासणीची मागणी केली आणि बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यात संस्कृत ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापलेला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. वृत्तपत्रांनी या प्रकरणाला 'हळदीघाटीची लढाई' म्हटले.

त्या पेटंटमुळे भारतातील एकाही घरात हळद लावण्यास अडथळा येणार नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. लढाई प्रतिष्ठेची आणि पायंड्याची होती. तिच्यातून उभे राहिलेले काम अधिक टिकाऊ ठरले. २००१ पासून सीएसआयआर आणि आयुष विभागाने पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्यास घेतले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत मांडले गेले. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या तपासनिसांना ते २००९ मध्ये करारान्वये उपलब्ध झाले. आता कोणी कडुनिंबाचा किंवा अश्वगंधाचा जुनाच उपयोग नवा म्हणून मांडला, तर तपासनिसाला पुरावा जागेवर सापडतो.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १९९८ मध्ये माशेलकरांना आपले सदस्यत्व दिले. पद्मश्री (१९९१), पद्मभूषण (२०००) आणि पद्मविभूषण (२०१४) हे तिन्ही सन्मान त्यांना मिळाले. त्यांच्या मानद डॉक्टरेटची संख्या पन्नाशीच्या पुढे आहे. यादी लांबलचक आहे, ती येथे सोडून देणे बरे.

मागे घेतलेला अहवाल

भाषणांच्या बरोबरीने माशेलकरांची ओळख समित्यांचे अध्यक्ष म्हणूनही झाली. वाहनांच्या इंधनाचे धोरण ठरवणाऱ्या समितीने २००२ मध्ये दिलेल्या अहवालातून देशातील 'भारत' उत्सर्जन मानकांचा कालक्रम निघाला. बनावट औषधांविषयीच्या समितीचा अहवाल २००३ मधील. या कामांबद्दल फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो पेटंट कायद्याच्या समितीवरून.

केंद्र सरकारने २००५ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. औषधाचे पेटंट केवळ नव्या रासायनिक घटकापुरते मर्यादित ठेवले तर ते जागतिक व्यापार कराराशी सुसंगत राहील काय, हा मुख्य प्रश्न होता. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नावर औषधांच्या किमती अवलंबून होत्या. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून पेटंटची मुदत लांबवता आली, तर स्वस्त पर्यायी औषधे तेवढी उशिरा येतात. डिसेंबर २००६ मध्ये गटाने अहवाल दिला आणि अशी मर्यादा कराराशी विसंगत ठरेल असे मत नोंदवले. काही आठवड्यांतच अहवालातील मजकूर एका कायदेतज्ज्ञाच्या निबंधातून जसाच्या तसा उचलल्याचे उघडकीस आले. त्या निबंधाला बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांच्या संघटनेचे अर्थसाह्य होते, हेही बाहेर आले. फेब्रुवारी २००७ मध्ये माशेलकरांनी अहवाल मागे घेतला. सुधारित अहवाल मार्च २००९ मध्ये सादर झाला, त्यातील निष्कर्ष मात्र बदलला नव्हता.

ज्या माणसाने देशाला बौद्धिक संपदेची किंमत शिकवली, त्याच्याच अध्यक्षतेखालील अहवालावर हा आरोप यावा, हे बोचणारे होते. गटाच्या अहवालांपलीकडे कायदा आपल्या वाटेने गेला. पेटंट कायद्यातील कलम ३(ड) कायम राहिले आणि त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कर्करोगावरील ग्लिव्हेक औषधाच्या पेटंटची नोव्हार्टिसची मागणी फेटाळली.

कमीत अधिक, अधिकांसाठी

डिसेंबर २००६ मध्ये ते सीएसआयआरमधून निवृत्त झाले आणि त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा भाग सुरू झाला. रिलायन्स, टाटा मोटर्स, हिंदुस्तान युनिलिव्हर, थरमॅक्स, केपीआयटी अशा कंपन्यांच्या संचालक मंडळांवर ते गेले. रिलायन्सच्या नवोपक्रम परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. व्यवसायनीतीवरील वक्ते म्हणून जगभर ओळख झाली ती या काळात. 'गांधीवादी अभियांत्रिकी' हा त्यांचा शब्दप्रयोग याच काळात रूढ झाला. व्यवस्थापनशास्त्राचे ख्यातनाम प्राध्यापक सी. के. प्रल्हाद यांच्यासमवेत लिहिलेला लेख 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या जुलै-ऑगस्ट २०१० च्या अंकात आला. तो छापून येण्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, प्रल्हाद यांचे निधन झाले होते.

लेखातील सूत्र असे : कमी साधनांतून अधिक फळ, आणि तेही अधिक लोकांसाठी. पाश्चात्त्य कंपन्या अधिक पैसे घेऊन अधिक सोयी देतात, थोडक्या ग्राहकांना. गरीब देशांत स्वस्त वस्तू मिळते, पण बहुधा हलकी. चांगल्या प्रतीची वस्तू गरिबाला परवडेल अशा दरात देता आली तर बाजारपेठही कोट्यवधींची होते, असा हा युक्तिवाद. जयपूर फूट, मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची कावीळ-ब प्रतिबंधक लस ही त्यांच्या भाषणांतील नेहमीची उदाहरणे. तिन्ही काळाच्या कसोटीला उतरली आहेत.

टाटांच्या नॅनो मोटारीचे उदाहरण मात्र उतरले नाही. जानेवारी २००८ मध्ये एक लाख रुपयांची मोटार म्हणून तिचे अनावरण झाले, तेव्हा या सूत्राचा याहून ठळक पुरावा दुसरा वाटत नव्हता. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. प्रत्यक्षात एकाही वर्षी विक्री एक लाखापर्यंत पोहोचली नाही आणि २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबले. दुचाकीवर चौघे जाणारे कुटुंब स्वस्त मोटार घेईल हे गणित बरोबर होते. पण 'सर्वांत स्वस्त' असा शिक्का असलेली मोटार दारात उभी करण्याची त्या कुटुंबाची इच्छा नव्हती. माशेलकर तेव्हा टाटा मोटर्सच्या संचालक मंडळावर होते, हेही श्रोत्याने ध्यानात ठेवावे.

दुसरे मोठे भाकीत देशाविषयीचे. अमेरिकेच्या 'सायन्स' नियतकालिकात २००५ मध्ये त्यांनी लिहिले की, भारताने योग्य पावले टाकली तर २०२० पर्यंत तो ज्ञाननिर्मितीत जगात पहिला होऊ शकेल. 'जर' हा शब्द होता, एवढे मान्य केले पाहिजे. ते पाऊल पडले नाही. संशोधन आणि विकासावरील देशाचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.७ टक्क्याच्या आसपास अडखळत राहिला आणि २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के होता. त्याच सुमारास चीन २.४ टक्के खर्च करीत होता. शोधनिबंधांच्या संख्येत भारत तिसऱ्या क्रमांकापर्यंत आला खरा. परंतु माशेलकरांना अभिप्रेत असलेली झेप ही नव्हे. परदेशी गेलेली बुद्धी परत येईल, हे त्यांचे म्हणणे त्यामानाने अधिक खरे ठरले. बहुराष्ट्रीय कंपन्यांची शेकडो संशोधन केंद्रे पुणे, बंगळूर आणि हैदराबादेत आली आणि त्यांच्याबरोबर परतणारे अभियंतेही आले.

आईच्या नावाने त्यांनी २०११ मध्ये 'अंजनी माशेलकर सर्वसमावेशक नवोपक्रम पुरस्कार' सुरू केला. स्तनाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करणारे हातात मावणारे यंत्र, खिशात मावणारे हृदयालेख यंत्र अशा शोधांना तो मिळाला आहे. २०१८ मध्ये रवी पंडित यांच्यासमवेत त्यांनी 'लीपफ्रॉगिंग टू पोल-व्हॉल्टिंग' हे पुस्तक लिहिले. नव्या तंत्रज्ञानासाठी त्यात सात कसोट्या आहेत : ते परवडणारे, व्याप वाढवता येणारे, टिकाऊ, सर्वांना वापरता येणारे, वेगाने पोहोचणारे, उत्कृष्ट आणि आगळे असावे.

नीरेच्या काठी कसोटी

या सात कसोट्या लावून पाहण्याजोगा एक प्रयोग पुणे जिल्ह्यातच चालू आहे. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा आणि भीमा जेथे मिळतात तेथे नीरा नरसिंहपूर वसले आहे. लक्ष्मी-नृसिंहाच्या मंदिरासाठी ते प्रसिद्ध. पलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. बारामतीपासून येथपर्यंतचा हा मुलूख उसाचा. भविष्यातील तंत्रज्ञान या भागाला नवे नाही. १८८५ मध्ये सुरू झालेला नीरा डावा कालवा हे त्या काळचे भविष्यच होते. त्याने ऊस आणला, गूळ आणला, पुढे कारखाने आणले. अतिपाण्याने काही जमिनी चोपणही केल्या, आणि कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरच्या गावांची पाण्याची तक्रार आजही मिटलेली नाही.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साह्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांची माहिती एकत्र करून पाणी केव्हा व किती द्यावे, खत कोणते घालावे, कीड कोठे दिसते याची सूचना शेतकऱ्याच्या मोबाइलवर येते. २०२४ मध्ये सुमारे एक हजार शेतकरी या प्रयोगात नोंदवले गेले. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जानेवारी २०२५ मध्ये त्याचा जाहीर उल्लेख केला आणि बारामतीचे नाव जगभर गेले. पाण्याची बचत आणि वाढीव उताऱ्याचे आकडे प्रयोगकर्त्यांनी दिले आहेत. ते देखरेखीखालील शेतांचे आहेत.

येथे माशेलकरांचे सूत्र नेमके लागू पडते. कमी पाण्यात अधिक ऊस, हे पहिले दोन भाग या प्रयोगात दिसतात. 'अधिकांसाठी' हा तिसरा भाग खर्चावर अडतो. एका शेतकऱ्याला संपूर्ण यंत्रणा घेणे जड जाते म्हणून शेतकरी, साखर कारखाना आणि मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनी खर्च वाटून घेण्याची योजना २०२५ मध्ये पुढे आली. राज्य मंत्रिमंडळानेही जून २०२५ मध्ये २०२५ ते २०२९ या काळासाठी 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर करून त्यासाठी पाचशे कोटी रुपयांची तरतूद केली. बारामतीच्या केंद्रालगतच्या शेतात संवेदक बिघडला तर तंत्रज्ञ तासाभरात पोहोचतो. नरसिंहपूरच्या दोन एकरांच्या उसात तो कधी पोहोचेल, रात्रीच्या विजेच्या वेळापत्रकावर पंप चालवणाऱ्याला मोबाइलवरील सूचना पाळता येईल काय, आणि कारखान्याने उचललेला खर्चाचा वाटा पुढे उसाच्या बिलातून कापला जाणार काय, हे या धोरणाच्या अंमलबजावणीत ठरावयाचे आहे.